पंखे फिरतात, पडदा काळा: एका घरगुती संगणकाच्या दुरुस्तीच्या नोंदी

यंत्र: मिड-टॉवर कॅबिनेट, एलजीए ११५१ सॉकेटचा मदरबोर्ड, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर (ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच, शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड), डीडीआर४ रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ४५० वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), २५० जीबीची साटा (डिस्क बोर्डाला जोडण्याची पद्धत) एसएसडी, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज एसएसडीवर, घरातले फोटो-व्हिडिओ हार्ड डिस्कवर.

६ नोव्हेंबर

तक्रार अशी: महिनाभर भिंतीवरचा स्विच बंद होता. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, दोन-अडीच सेकंदांत थांबतात, पुन्हा आपोआप फिरतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर कधीतरी पंखे फिरतच राहतात, पण मॉनिटर 'सिग्नल नाही' एवढंच सांगतो. बीप येत नाही. बोर्डाला स्पीकरच जोडलेला नाही, त्यामुळे बीप न येण्याला काही अर्थ नाही.

'चालू होत नाही' या एका वाक्याखाली निदान पाच वेगळे आजार येतात. वीजच पोचत नाही. वीज पोचते, पण बोर्डाची स्वतःची तपासणी (पोस्ट) पुरी होत नाही. पोस्ट होते, पण चित्र येत नाही. चित्र येतं, पण बूट करायला डिस्क सापडत नाही. डिस्क सापडते, पण विंडोज अर्ध्यात पडतं. गाडी नेमकी कुठल्या स्टेशनावर थांबते ते आधी ठरवायचं, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. दर वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा, आणि फरक पडला नाही तर बदल मागे घ्यायचा. नाहीतर तिसऱ्या दिवशी मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हे कळत नाही.

कॅबिनेट न उघडता एवढं पाहिलं: मॉनिटरला स्वतःची वीज आहे, त्याचा इनपुट योग्य पोर्टवर आहे, केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात आहे. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कार्ड बसवलेलं असताना केबल बोर्डाच्या पोर्टात लावली तर बहुतेक बोर्ड तिथे चित्र देत नाहीत, आणि संगणक ठणठणीत असूनही मेल्यासारखा दिसतो. कीबोर्ड-माउस सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढलं. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर यांपैकी कोणीही पोस्ट अडवू शकतो. इथे फरक पडला नाही.

पुन्हापुन्हा बटण दाबून पाहणं आजपासून बंद. आत हार्ड डिस्क आहे, आणि दर फेरीला ती फिरायला लागते न लागते तोच तिची वीज जाते.

७ नोव्हेंबर

वायर काढून बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे कपॅसिटरमधला उरलेला चार्ज निघून जातो. बाजूचा पत्रा काढला, हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावला. सगळ्या वायरींचे चार कोनांतून फोटो काढले; पॅनलच्या बारीक पिनांचा एक फोटो अगदी जवळून. ब्रशने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली.

बोर्डावर चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (चित्र), बूट. फेरीच्या सुरुवातीला सीपीयूचा लुकलुकतो, मग डीरॅमचा लागतो आणि तो लागलेला असतानाच वीज जाते. म्हणजे गाडी दुसऱ्या स्टेशनावर, रॅमपाशी अडली आहे. पण दिवा 'कुठे' ते सांगतो, 'का' ते नाही. व्होल्टेज कमी पडत असलं तरीही हाच दिवा लागतो. म्हणून रॅमला हात लावण्याआधी वीज मोजायची.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब काळ्या वायरीला, लाल प्रोब २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत. कनेक्टर बोर्डात तसाच ठेवायचा.

बंद अवस्थेत जांभळी (स्टँडबाय ५ व्होल्ट): ५.०७. ठीक. हिरवी (चालू करण्याचा इशारा): ४.८. तीही ठीक, ही वायर बोर्डाने जमिनीला खेचली की एसएमपीएस चालू होतो. चालू अवस्थेत पिवळी १२.०४, लाल ५.०३, नारंगी ३.३२. या तिन्हींना पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे १२ व्होल्टसाठी ११.४० ते १२.६०, ५ साठी ४.७५ ते ५.२५, ३.३ साठी ३.१४ ते ३.४७. सगळे आकडे मधोमध.

कामाचा पुरावा मिळाला तो हिरव्या वायरीवर. फेरी चालू असताना तिच्यावर मीटर धरला. एसएमपीएस स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडत असेल, तर हिरवी खालीच राहते आणि पिवळी कोसळते: बोर्ड वीज मागतोय, ती मिळत नाही. इथे उलटं दिसलं. करडी वायर (वीज ठीक असल्याचा इशारा) दोन सेकंद ५ व्होल्टवर स्थिर, पिवळी स्थिर, आणि मग हिरवी आपणहून वर गेली. म्हणजे वीज बंद करण्याचा निर्णय बोर्डाचा आहे. रॅमची जुळणी जमली नाही की बरेच बोर्ड असंच करतात: बंद होतात आणि नव्याने प्रयत्न करतात.

मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणिक घसरण किंवा तरंग त्यावर दिसत नाही. म्हणून दुसऱ्या चालू संगणकाचा एसएमपीएस बाहेरच ठेवून जोडून पाहिला: २४ पिना आणि प्रोसेसरजवळच्या ८ पिना, दोन्ही. (८ पिनांची जोडणी विसरली तरीही पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं.) फेरी जशीच्या तशी. एसएमपीएस निर्दोष. मूळचा परत लावला.

हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस एकटा फिरवून पाहण्याची चाचणी केली नाही. भार नसताना बहुतेक आजारी एसएमपीएससुद्धा उत्तम आकडे दाखवतात. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, वायर काढल्यावरही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असू शकतात.

८ नोव्हेंबर

आज यंत्र उघडं केलं: ग्राफिक्स कार्ड काढलं, दोन्ही डिस्कच्या डेटा आणि वीज अशा दोन्ही केबली काढल्या, पुढच्या यूएसबीच्या आणि ऑडिओच्या वायरी काढल्या. पॉवर बटणाची वायरसुद्धा काढली. अडकलेलं बटण चार सेकंद दाबल्यासारखं राहतं आणि वीज तोडतं. त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की संगणक चालू होतो. बोर्डाला छोटा स्पीकर जोडला. मॉनिटर बोर्डाच्या पोर्टात.

उरलं ते प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅम. फेरी चालूच.

स्लॉट चार, प्रोसेसरपासून मोजत ए१, ए२, बी१, बी२. पट्ट्या ए२ आणि बी२ मध्ये होत्या, ती बरोबर जागा आहे. एकच पट्टी लावायची तर ती ए२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. पट्ट्यांवर पेन्सिलने 'क' आणि 'ख' लिहिलं. सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. खोडरबर वापरला नाही. त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा पातळ थर घासला जातो.

दर बदलापूर्वी वायर काढली. दर प्रयत्नाला पूर्ण दोन मिनिटं दिली, कारण सेटिंग पुसली गेल्यावर पहिल्या वेळी रॅमच्या जुळणीलाच तीस-चाळीस सेकंद लागू शकतात. घाईने वीज तोडली तर चांगली पट्टी खराब ठरते.

'क' ए२ मध्ये: पोस्ट झाली, चित्र आलं. 'ख' ए२ मध्ये: चित्र आलं. 'क' बी२ मध्ये: डीरॅमचा दिवा, फेरी. 'ख' बी२ मध्ये: तेच. 'क' बी१ मध्ये: तेच. 'क' ए१ मध्ये: चित्र आलं.

इथे थांबून विचार केला. पहिल्या दोन प्रयत्नांनंतर 'एका पट्टीवर चालतंय, दुसरी खराब' म्हणून नवी पट्टी आणली असती, तर तीही बी२ मध्ये पडली असती आणि गोंधळ दुप्पट झाला असता. पट्ट्या दोन्ही चांगल्या. एक स्लॉट खराब असता तर बी१ चालला असता. दोन्ही बी स्लॉट मेलेत, म्हणजे दोष पूर्ण बी चॅनेलचा, दोन्ही बी स्लॉटांच्या सामाईक वाटेचा. ते चॅनेल बोर्डातून थेट प्रोसेसरच्या सॉकेटात जातं. स्लॉट आणि प्रोसेसर यांच्यामध्ये दुसरी चिप नाही. तेव्हा संशय सॉकेटावर.

कूलर पाहिला. चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसणारा नेहमीचा. खालच्या डाव्या कोपऱ्यातली खुंटी साधारण दोन मिलिमीटर वर आलेली, कूलर तिरका. धूळ होती तोवर हे दिसत नव्हतं.

कूलर सरळ ओढायचा नाही. खुंट्यांची डोकी बाणाच्या दिशेने फिरवून मोकळी केली, कूलर जागच्या जागी थोडा थोडा पिळत सैल केला. पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. कूलर आणि प्रोसेसरची पाठ अल्कोहोलने साफ केली. मग सॉकेटाची दांडी उचलली, प्रोसेसर कडांना धरून सरळ वर घेतला.

या सॉकेटात पिना बोर्डाच्या बाजूला असतात, प्रोसेसरला फक्त चकत्या. टॉर्च तिरकी धरून भिंगातून ओळीओळीने पाहिलं: वाकलेली पीन एकही नाही. (सगळ्या पिना एकाच कोनात चमकतात, एखादी वाकली असेल तर त्या चमकेत खाच दिसते.) प्रोसेसरच्या एका कडेच्या चकत्यांवर मात्र पुसट डाग. लिंट न सोडणाऱ्या कापडाने, अल्कोहोल लावून पुसल्या. सॉकेटाच्या पिनांना कापड, ब्रश, बोट काहीही लावायचं नाही.

प्रोसेसर परत ठेवताना कडेच्या दोन खाचा जुळवल्या, दाब दिला नाही. दांडी खाली करताना लागतो तेवढाच जोर. मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. खुंट्यांची डोकी आधी कुलपाच्या स्थितीत फिरवली, मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन एकदम दाबल्या, नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक असा आवाज आला. बोर्डाच्या मागून पाहिलं: चारही खुंट्यांची दोन्ही पाती फाकून बाहेर आलेली. हे न पाहता काम झालं म्हणायचं नाही, कारण अर्धवट बसलेली खुंटीही टक करते.

'क' ए२, 'ख' बी२. चालू. १६ जीबी, दोन्ही चॅनेल.

एक कबुली इथेच लिहिलेली बरी. चकत्या पुसणं, प्रोसेसर नव्याने बसवणं आणि कूलरचा दाब सारखा करणं हे तीन बदल एकत्र झाले. एक केल्याशिवाय दुसरा करता येत नाही. गुण कशाने आला हे ठाम सांगता येणार नाही. एका कोपऱ्यातला दाब सुटल्याने पिनांचा संपर्क गेला असावा हा अंदाज. पडताळ्यासाठी खुंटी पुन्हा उपसून पाहण्यात शहाणपण नाही.

९ नोव्हेंबर

चित्र आलं, पण पहिला संदेश: सीमॉसची (बोर्डाच्या सेटिंगच्या साठ्याची) बेरीज जुळत नाही, सेटिंग मूळ स्थितीत आणली, पुढे जायला एफ१ दाबा. तारीख काही वर्षं मागची.

बॅटरी सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. काढून मोजली: २.४१ व्होल्ट. नव्या बॅटरीवर ३.२ च्या आसपास येतात. बदलली, अधिकची खूण वर. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसच्या स्टँडबाय विजेवर चालतं आणि दमलेली बॅटरी कळून येत नाही. महिनाभर स्विच बंद राहिला, सगळा भार बॅटरीवर आला आणि ती बसली. सुटी संपल्यावर 'अचानक बंद पडलेल्या' संगणकांत हा प्रकार फार दिसतो.

तारीख-वेळ बरोबर केली. ती मागची राहिली तर पुढे ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो, आणि माणसं नेटला दोष देत बसतात.

नंतर चूक झाली. दोन्ही डिस्क जोडून विंडोज सुरू होऊ दिलं. फिरते ठिपके नेहमीपेक्षा बराच वेळ दिसले, मग निळा पडदा: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्कची तब्येत पाहिल्याशिवाय हे करायला नको होतं. दोन-तीनदा असं पडलं की विंडोज आपणहून दुरुस्ती सुरू करतं, चेकडिस्क (डिस्कवरच्या नोंदी तपासून सुधारणारं साधन) चालवतं आणि आजारी डिस्कवर लिहायला लागतं. लगेच बंद केलं.

संदेशातून मात्र दिशा मिळाली. बूट लोडर चालला, विंडोजचं कर्नल चढलं, आणि मग त्याला स्वतःचीच डिस्क दिसेना. सेटिंग नुकतीच मूळ स्थितीत गेली असताना असं झालं तर आधी साटाचा मोड पाहायचा, म्हणजे बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते. या बोर्डाचा मूळ मोड रेड आहे. विंडोज एएचसीआय या दुसऱ्या मोडमध्ये बसवलं असेल तर रेडचा ड्रायव्हर सुरुवातीला चढत नाही, आणि निळा पडदा येतो. मोड एएचसीआय केला, पण विंडोज आज पुन्हा सुरू केलं नाही.

सेटिंगमध्ये हात घालण्याआधीची एक सूचना. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयींच्या सेटिंगमधला बदल विंडोजला घुसखोरीसारखा दिसतो आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती हाताशी नसेल तर आधी ती शोधायची, मग सेटिंग. इथे कुलूप नव्हतं.

१० नोव्हेंबर

लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट. यात विंडोजला किंवा डिस्कला काही लिहिलं जात नाही, जोपर्यंत आपण डिस्कचा विभाग माउंट करत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते; स्मार्टसीटीएल या साधनाने दोन्ही डिस्कच्या त्या नोंदी पाहिल्या.

एसएसडी: झीज नगण्य, चुका शून्य.

हार्ड डिस्क: ५ क्रमांक (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) ०. १९७ क्रमांक (निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर) १६. १९८ क्रमांक (वाचता न आलेले सेक्टर) १६. १९९ क्रमांक (केबलवरच्या चुका) ३४१.

१९९ म्हणजे डिस्क नाही, वाट खराब: केबल किंवा तिची टोकं. हा आकडा कधी कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का एवढंच पाहायचं. केबल बदलली, १० जीबी वाचून पाहिलं, ३४१ वर स्थिर. १९७ मात्र डिस्कचं स्वतःचं दुखणं. आतून या डिस्कचा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, बाहेर ५१२ चे आठ दाखवले जातात. म्हणून हा आकडा बहुधा आठाच्या पटीत असतो. १६ म्हणजे खरे दोनच सेक्टर. दोन म्हणजे थोडे वाटतात, पण वाढायला लागले की थांबत नाहीत. या डिस्कवर चेकडिस्क चालवायचं नाही. आधी नक्कल.

रात्री नक्कल सुरू केली. साधन डीडीरेस्क्यू, नवी डिस्कही १ टीबीची. दोन्हींवर १,९५,३५,२५,१६८ सेक्टर हे मोजून घेतलं. नवी डिस्क एका सेक्टरनेही लहान असेल तर नक्कल अपुरी. कुठली जुनी आणि कुठली नवी हे अनुक्रमांकावरून ठरवलं, लिनक्सने दिलेल्या एसडीए-एसडीबी या नावांवरून नाही. ती नावं पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात. मूळ आणि लक्ष्य उलटं टाइप केलं तर रिकामी डिस्क फोटोंवर उतरते, आणि त्याला उपाय नाही.

पहिली फेरी '-एन' घालून, म्हणजे अवघड जागा सोडून सोपं सगळं आधी उचलायचं. मॅप फाइल (किती वाचून झालं याची नोंद) तिसऱ्याच पेन ड्राइव्हवर. ती असली तर वीज गेली तरी काम होतं तिथून पुढे चालतं. नवी डिस्क बोर्डाच्या साटा पोर्टात. यूएसबी २ च्या डब्यात ३५ एमबीच्या वेगाने आठ तास लागले असते. साटावर सरासरी ११० एमबीने अडीच तास.

११ नोव्हेंबर

पहिल्या फेरीत दोन्ही खराब जागा वेगळ्या पडल्या. दुसरी फेरी थेट वाचन आणि तीन पुनर्प्रयत्न, '-डी -आर३'. एक जागा वाचली, एक नाही. न मिळालेलं एकूण: ४,०९६ बाइट.

एसएसडीचीही पूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घेतली. जुनी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली. मूळ आणि नक्कल विंडोजला एकत्र जोडायच्या नाहीत. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

१२ नोव्हेंबर

एसएसडी एकटी जोडून चालू केलं. निळा पडदा नाही. विंडोजही नाही. थेट बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या, सेटिंगमध्ये. बूटच्या यादीत काहीच नाही.

एएचसीआयने काम बिघडलं असं वाटण्याची जागा हीच. पण आज मोड नव्हे, जोडलेल्या डिस्क बदलल्या आहेत. लिनक्समधून एसएसडीचे विभाग पाहिले: १६ एमबीचा राखीव, मग विंडोज, शेवटी रिकव्हरी. फॅट३२ चा ईएफआय विभाग, म्हणजे बूटच्या फाइलींची जागा, नाहीच. तो सापडला हार्ड डिस्कच्या नकलेवर, अगदी सुरुवातीला, १०० एमबीचा.

म्हणजे विंडोज एसएसडीवर आणि त्याच्या दाराची किल्ली हार्ड डिस्कवर. विंडोज बसवताना दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या आणि एकीवर आधीच ईएफआय विभाग असला, की सेटअप तोच वापरतो. वर्षानुवर्षं कळत नाही. हार्ड डिस्क आजारी पडते किंवा काढली जाते त्या दिवशी 'एसएसडी गेली' असा निष्कर्ष निघतो. विंडोज नव्याने बसवताना बाकीच्या डिस्कच्या केबली काढून ठेवायच्या त्या यासाठी.

नक्कल जोडून काम भागलं असतं, पण किल्ली एसएसडीवरच आणायचं ठरलं. नक्कल जोडलेली नसताना विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून बूट करून, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडली.

डिस्कपार्ट (डिस्कचे विभाग पाडणारं साधन) सुरू करून आधी 'लिस्ट डिस्क'. एसएसडीच्या ओळीत जीपीटीच्या (विभागांच्या नोंदीची नवी पद्धत) रकान्याखाली तारा आहे ना पाहिलं. नसता तर पुढचं सगळं फोल. 'लिस्ट व्हॉल्यूम' मध्ये विंडोजचा विभाग आकारावरून ओळखला. इथे तो सी ऐवजी डी अक्षरावर आला होता. पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर अक्षरं सरकतात, गृहीत धरायची नाहीत. तो निवडून 'श्रिंक डिझायर्ड=३००'. मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०', 'फॉर्मॅट क्विक एफएस=फॅट३२', 'असाइन लेटर=टी', 'एक्झिट'. हा विभाग डिस्कच्या सुरुवातीलाच हवा असं काही नाही.

नंतर त्या विभागात बूट फाइली बसवणारी एकच ओळ: 'बीसीडीबूट डी:\विंडोज /एस टी: /एफ यूईएफआय'. उत्तर आलं की बूट फाइल तयार झाल्या. पेन ड्राइव्ह काढला, पुन्हा चालू केलं, विंडोज पहिल्या प्रयत्नात आलं. एएचसीआयचा अंदाजही इथेच खरा ठरला.

'बूटरेक /फिक्सएमबीआर' हा सर्रास सुचवला जाणारा उपाय इथे निरुपयोगी आहे. तो जुन्या पद्धतीचा सुरुवातीचा बूट कोड लिहितो. यूईएफआय, म्हणजे बोर्डाची बूट करण्याची नवी पद्धत, तो वाचतच नाही.

१३ नोव्हेंबर

नक्कल जोडली. आता चेकडिस्क '/एफ' तिच्यावर चालवायला हरकत नाही. न मिळालेल्या ४,०९६ बाइटच्या जागी डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या सोयीने आधीच एक खुणेचा मजकूर लिहून ठेवला होता. तो मजकूर सगळ्या फाइलींत शोधला. एका व्हिडिओच्या मध्यावर सापडला. चालवून पाहिला: क्षणभर चित्र फाटतं. बाकी शाबूत.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासायला डीआयएसएमची दुरुस्ती, त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ. या क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फाइली घेतं तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं. दोन्हींत दोष नाही.

फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे कर्नल अर्धं झोपवणं असतं, खरी थंड सुरुवात होत नाही, आणि चाचणीला तीच हवी.

१४ नोव्हेंबर

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ च्या चार पूर्ण फेऱ्या, दोन्ही पट्ट्या एकत्र, साडेपाच तास. चूक ० आली. एकही चूक चालत नाही. 'फक्त दोन चुका' असं काही नसतं. ग्राफिक्स कार्ड आणि पुढच्या वायरी एकेक करून परत, दर जोडणीनंतर एकदा बूट. हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथेच लोक सगळं एकदम लावून मोकळे होतात. पूर्ण भारावर प्रोसेसर अर्ध्या तासानंतर ६८ अंशांवर स्थिर.

२० नोव्हेंबर

भिंतीवरचा स्विच पूर्ण तीन दिवस बंद ठेवून आज सुरुवात. पहिल्याच दाबाला पोस्ट, घड्याळ बरोबर, मोड एएचसीआय. खुंट्या चारही जागेवर. नकलेवरचा जुना ईएफआय विभाग आता डिस्कपार्टमधून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' ने काढला. त्याआधी नक्कल उपटून एसएसडीवरून एकटं बूट करून पाहिलं. जुनी हार्ड डिस्क अजून दोन महिने पुसायची नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला आतून चिठ्ठी चिकटवली: बॅटरी बदलल्याची तारीख, साटा एएचसीआय, बूट एसएसडीवरून, रॅम ए२ आणि बी२.